एमआरची नोकरी सोडायची आहे, पण सल्ला कुणाला विचारायचा?

मी एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीसाठी डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा विक्री प्रतिनिधी. मार्च महिन्याची २९ तारीख होती. मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये मी गाडी स्टँडवर लावली, बॅग मांडीवर घेतली आणि कट्ट्यावर बसलो. डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर होते, ओपीडी संपत आली होती, मला फक्त जिना चढायचा होता. चाळीस मिनिटं मी जागचा हललो नाही. मग तसाच घरी आलो आणि रात्री डीसीआरमध्ये, म्हणजे रोजच्या भेटींच्या अहवालात, तो कॉल (डॉक्टरांची भेट) झाला म्हणून भरून टाकला. अकरा वर्षांतला माझा तो पहिला खोटा कॉल. पुढच्या दोन महिन्यांत असे बरेच झाले.

सांगली माझं एचक्यू, म्हणजे कामाचं मुख्य ठिकाण. तासगाव, विटा, कवठेमहांकाळ एक्स-स्टेशन, म्हणजे त्याच दिवशी जाऊन परत यायची गावं. जत आणि पंढरपूर मुक्कामी. काम येत नव्हतं म्हणून मी थकलो नव्हतो. टार्गेट नव्वद टक्क्यांच्या खाली क्वचित गेलं असेल. पण महिन्याच्या २५ तारखेनंतर, क्लोजिंगच्या म्हणजे महिन्याचं टार्गेट पूर्ण करायच्या दिवसांत, फोन वाजला की पोटात गोळा यायचा. डॉक्टरांच्या दारात तासभर उभं राहून आत गेलो की दीड मिनिटात बोलायचं वाक्य तोंडातून निघत नसे. रविवारी दुपारी जेवण झालं की सोमवार अंगावर यायचा. मुलीने गोष्ट सांग म्हटलं की राग यायचा, आणि नंतर त्या रागाची लाज वाटायची.

नोकरी बदलायला मला दीड वर्ष लागलं. त्यातला निम्मा काळ मी चुकीच्या माणसांना, चुकीच्या क्रमाने सल्ला विचारण्यात घालवला. तुमचा तो काळ वाचावा म्हणून हे लिहितोय. उदाहरणं औषधांच्या धंद्यातली आहेत, कारण मला तोच धंदा माहीत आहे. पण विमा, फ्लॅट, बँकेची कर्जं, बिस्किटं, टाइल्स, काहीही विकून थकलेल्या माणसाला हा क्रम उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

मी आधी कुणाला विचारलं

पहिल्यांदा मॅनेजरला. जॉइंट वर्कच्या, म्हणजे तो माझ्याबरोबर फिरतीवर आला त्या दिवशी, विट्याहून परत येताना चहाच्या टपरीवर. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "सगळ्यांना होतं रे. कंपनी बदल, फ्रेश वाटेल." मी बदलली. पगार वाढला, डिव्हिजन नवी, बॅग नवी. आठ महिन्यांनी मी त्याच कट्ट्यावर बसलो होतो. आगीतून फुफाट्यात. मॅनेजरने खोटं सांगितलं नव्हतं. त्याला जे दार माहीत होतं तेच त्याने दाखवलं. विक्रीतल्या माणसाला विचाराल तर तो विक्रीतलाच दुसरा रस्ता दाखवणार.

दुसऱ्यांदा पैसे देऊन विचारलं. मोबाइलवर जाहिरात बघून एका करिअर कोचला १८ हजार रुपये भरले. तीन सेशन झाली. तिसऱ्या सेशनमध्ये मला डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करायला सांगितला आणि कोर्सची लिंकही त्यानेच पाठवली. माझं काय बिघडलंय, मला दिवसातलं कुठलं काम बरं वाटतं, हे त्याने तिन्ही वेळा विचारलं नाही. ते १८ हजार मुलीच्या शाळेच्या फीसाठी ठेवलेले होते. बायकोला सांगायला मला महिना लागला.

तिसरे माझे वडील. अण्णा एसटीत कंडक्टर होते, बत्तीस वर्षं. त्यांना सांगायला मी घाबरत होतो. बांधलेली नोकरी सोडतो म्हटल्यावर घरात काय वादळ होईल याची कल्पना करून मी तीनदा विषय काढला आणि तीनदा फिरवला. शेवटी सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "रजा शिल्लक आहे का?"

नोकरी सोडण्याआधी रजा घेता येते हे अकरा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरं मार्गदर्शन तिथून सुरू झालं.

सगळ्यात आधी डॉक्टर

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. तीन लक्षणं सांगितली: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही, नोकरीतून येणारी अवस्था म्हणते. पण हीच तिन्ही लक्षणं नैराश्यातही दिसतात आणि कधी थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, मधुमेह यांतही. आपण स्वतःचं निदान करायचं नाही. माझं बी-१२ फार खाली होतं. रोज दीडशे किलोमीटर गाडी, मिळेल तिथे वडापाव, रात्री अकराला जेवण. व्हायचंच होतं ते. इंजेक्शनं घेतली, झोप जरा सुधारली. नोकरीचा उबग मात्र तसाच राहिला, आणि म्हणूनच तो नोकरीचाच आहे हे मला कळलं.

एमआरची एक खास अडचण आहे, ती मोकळेपणाने सांगतो. ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे आपण झोपेच्या आणि नैराश्याच्या गोळ्यांचं डिटेलिंग करतो, म्हणजे माहिती सांगतो, त्यांच्याकडे पेशंट म्हणून जायचं धाडस होत नाही. बाहेर बाकावर बाकीचे एमआर बसलेले असतात. मी कोल्हापूरला गेलो. आपल्या टेरिटरीबाहेरचा डॉक्टर शोधा, त्यात काही चूक नाही. पैशांची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. घराबाहेर पडणंच जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जगण्यात राम नाही असा विचार एकदा जरी मनात आला असेल, तर पुढचं वाचणं थांबवा, आधी हा फोन लावा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. करिअर नंतर बघू.

रजेचं सांगायचं राहिलं. आमच्यासाठी १९७६ साली सेल्स प्रमोशन एम्प्लॉईज कायदा झाला. त्यात केलेल्या कामाच्या एक-अकरांश इतकी पूर्ण पगारी रजा आणि सेवेच्या एक-अठरांश इतकी अर्ध्या पगाराची वैद्यकीय रजा लिहिलेली होती. दिवाळीला चार दिवस मिळाले तरी उपकार मानणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून आश्चर्य वाटलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत सामावला गेला. त्यामुळे आज तुमच्या हक्काचे नेमके दिवस किती ते एमआरच्या कामगार संघटनेकडून समजून घ्या. महाराष्ट्रात आपली एमएसएमआरए आहे, देशपातळीवर एफएमआरएआय. मी कधी मोर्चाला गेलेलो नव्हतो, वर्गणीही थकलेली होती. तरी संघटनेच्या माणसाने माझं नेमणूकपत्र ओळ न ओळ वाचून दिलं. वर्गणीचा विषयसुद्धा काढला नाही.

मी एकवीस दिवस रजा घेतली. पहिले सहा-सात दिवस नुसता झोपलो. त्या आठवड्यात कुणालाही काही विचारू नका, कुठलाही फॉर्म भरू नका. थकलेल्या डोक्याला बाहेर जाणारी प्रत्येक वाट चांगलीच दिसते.

नेमकं काय थकलंय ते वहीत उतरवा

"सेल्सचा कंटाळा आलाय" एवढ्यावर कुणीही नीट सल्ला देऊ शकत नाही. रजेवरून परत आल्यावर मी दोन आठवडे वही ठेवली. शंभर पानी, साधी. रोज रात्री डीसीआर भरून झाला की दोन रकाने: आज कशाने जीव गेला, आज कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही. मोठं काही लिहायचं नाही. "जतला दोन तास वाट बघितली, मॅडम मागच्या दाराने गेल्या." "लोकेशन का बंद होतं म्हणून तीन फोन." "क्लोजिंगसाठी स्टॉकिस्टला (घाऊक वितरकाला) चाळीस हजारांचा माल घ्यायला लावला, तो जूनमध्ये परत येणार हे दोघांनाही माहीत."

दुसऱ्या रकान्यात चौदा दिवसांत नऊच नोंदी होत्या. त्यातल्या पाच स्टॉकिस्टच्या गोडाऊनमधल्या. बॅचप्रमाणे स्टॉक मोजणं, जवळची एक्सपायरी वेगळी काढणं, सेकंडरी सेल्सचं, म्हणजे स्टॉकिस्टकडून दुकानांत गेलेल्या मालाचं, स्टेटमेंट जुळवणं. हे काम बाकीच्यांना डोकेदुखी वाटायचं, आणि मला त्या थंड, अंधाऱ्या गोडाऊनमध्ये दीड तास कसा गेला ते कळायचं नाही. एका केमिस्टला एकाच रेणूचे, म्हणजे एकाच मूळ औषधाचे, दोन ब्रँड समजावून सांगितले होते, तीही नोंद होती. अकरा वर्षं हे माझ्यासमोर होतं. कागदावर उतरेपर्यंत दिसलं नाही.

वही वाचताना चार गोष्टी वेगळ्या करा. साहेबाने थकवलंय का? मग डिव्हिजन किंवा कंपनी बदलून भागेल, आणि माझ्या मॅनेजरचा सल्ला तुमच्यासाठी बरोबर ठरेल. प्रवासाने आणि मुक्कामाने थकवलंय का? मग एका जागी बसून विकायचं काम, टेंडर, संस्थात्मक विक्री, ऑफिसातलं समन्वयाचं काम बघा. जे विकतोय त्यावरचा विश्वास उडालाय का? मग माल बदला. आणि समोरच्याला गळ घालणं हेच नको झालं असेल तर विक्रीतला कुठलाच रस्ता उपयोगाचा नाही. माझं हे शेवटचं होतं. सल्ला कुणाकडे मागायचा हे या उत्तरावर ठरतं, म्हणून दोन आठवडे खर्च करा. घाई करू नका.

घरचा हिशेब

पैशाचा आकडा हातात नसताना सल्ला मागायला गेलात, तर भीतीच बोलत राहते. एका संध्याकाळी बायकोबरोबर बसा. माझ्या घरी हिशेब मांडला तेव्हा कळलं की पगार बँकेत पडतो, पण घर डीएवर, म्हणजे फिरतीच्या रोजच्या भत्त्यावर चालतं. मुक्कामाचा भत्ता वाचवून भाजी, दूध, मुलीचा क्लास. बऱ्याच एमआरच्या घरी असंच असतं. नवी नोकरी बघताना आपण जुन्या आणि नव्या मूळ पगाराची तुलना करतो आणि दुसऱ्याच महिन्यात तोंडघशी पडतो. गेल्या बारा महिन्यांत हातात खरोखर किती आलं ते स्टेटमेंटवरून काढा: पगार, इनसेंटिव्ह, डीए, गाडीच्या पेट्रोलमधून उरलेलं. तो खरा आकडा.

मग येणं बघा. पाच वर्षं सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते. साधारण हिशेब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. २२ हजार मूळ पगार आणि सहा वर्षं असतील तर सुमारे ७६ हजार. चार वर्षं दहा महिने झालेल्याने राजीनामा खिशातच ठेवावा. पीएफ काढू नका, यूएएनवर, म्हणजे आपल्या पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, नव्या नोकरीत वळवा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते, ती साखळी तुटू देऊ नका. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. घरात कुणाला शुगर, बीपी असेल तर स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. अण्णांची अँजिओप्लास्टी झालेली होती, म्हणून हे मी पहिलं केलं.

आमचा आकडा निघाला: महिन्याला २४ हजार आले तर घर चालतं, दोन वर्षं ओढाताण होईल, गाडी बदलायची नाही. त्या रात्री बायको म्हणाली, "तुम्ही घरी असता तेव्हाही नसता. पैसे कमी आले तर बघू आपण." मला तेवढं बळ पुरलं.

तीस कॉल

आता मुख्य काम. आपल्याला अनोळखी दार वाजवता येतं. इंजिनिअरला, शिक्षकाला, बँकेतल्या कारकुनाला हे भयंकर अवघड जातं. आपण ते अकरा-अकरा वर्षं केलेलं असतं. फरक एवढाच की या वेळी विकायचं काही नाही, फक्त विचारायचं आहे, आणि विचारायला जाताना पोटात गोळा येत नाही हे मी स्वतः अनुभवलं.

मी डॉक्टर लिस्ट करतो तशी तीस माणसांची यादी केली. तीन गट. पहिला, दोन ते पाच वर्षांपूर्वी आपलीच नोकरी सोडून वेगळ्या कामात गेलेले. दहा वर्षांपूर्वी सोडलेल्यांचा अनुभव जुना होतो आणि गेल्या सहा महिन्यांत सोडलेले अजून नव्याच्या नवलाईत असतात. ही माणसं शोधायची कुठे? स्टॉकिस्टला विचारा. कुठला एमआर कुठे गेला, त्याचं बरं चाललंय का, हे गोडाऊनमधल्या माणसाला सगळ्यात आधी कळतं. दुसरा गट, आपल्याला जे काम बरं वाटतंय ते आज करणारे. तिसरा, त्या कामावर माणसं घेणारे. तिसऱ्या गटाकडे शेवटी जायचं. आधी गेलात तर प्रश्नच नीट विचारता येत नाहीत.

निरोप असा पाठवायचो: "नमस्कार सर. मी सांगलीत ११ वर्षं एमआर आहे, काम बदलायचा विचार चालू आहे. तुमच्या कामाबद्दल २० मिनिटं समजून घ्यायचंय. नोकरी मागायला येत नाही, ऑर्डरचंही बोलणार नाही. तुमच्या सोयीची वेळ सांगा, मी येतो." सोबत बायोडाटा जोडू नका. जोडला की माणूस सावध होतो आणि बोलणं बंद होतं. तीसपैकी बावीस जण भेटले. वीस मिनिटं झाली की मी उठायचो. बहुतेकांनी परत बसवून चहा मागवला.

काय विचारायचं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. सोमवारी सकाळी दहा वाजता तुम्ही काय करत असता? या कामातला सगळ्यात रटाळ भाग कोणता? विक्रीतून आलेलं कुणी तुमच्याकडे टिकलंय का, नसेल टिकलं तर का गेलं? माझ्या वयाच्या नवख्याला पहिल्या वर्षी किती पगार मिळेल? आणि उठताना, मी अजून कुणाला भेटू? "मी काय करू" हा प्रश्न कुणालाच विचारला नाही. त्याचं उत्तर समोरचा स्वतःच्या स्वभावाप्रमाणे देतो. सोमवारच्या दहाचं उत्तर मात्र त्याला खरंच द्यावं लागतं.

तासगावात एकजण पूर्वी एमआर होता, आता होलसेलचा धंदा करतो. माझा बराच दिवस तोच विचार होता. त्याने गोडाऊन दाखवलं आणि सगळं मोकळेपणाने सांगितलं. एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) घाऊक विक्रीसाठीचा २०-बी आणि २१-बी परवाना, किमान १० चौरस मीटर जागा, आणि जबाबदार व्यक्ती म्हणून फार्मासिस्टच लागतो असं नाही, औषधांच्या कामाचा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधरही चालतो. म्हणजे मी बीएस्सी केमिस्ट्री, मी बसत होतो. मग त्याने विचारलं, "वीस दुकानांची उधारी मागायला दर शनिवारी जाशील का?" मी वहीत त्या कामावर रेघ मारली. गळ घालायचा कंटाळा आलेल्या माणसाने वसुलीच्या धंद्यात पडू नये. हा एक प्रश्न माझे आठ-दहा लाख वाचवून गेला.

पुण्यात फार्माकोव्हिजिलन्समध्ये असलेल्या एकीशी फोनवर बोललो. औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल वाचायचे, तपासायचे, इंग्रजीत नीट मांडायचे, दिवसभर संगणकासमोर. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांच्याकडे नवे बहुतेक बावीस-तेविशीचे बी-फार्म, एम-फार्म येतात आणि शिफ्ट असते. काम मला आवडलं असतं. पण सांगली सोडणं, अण्णांची तब्येत, आणि छत्तिसाव्या वर्षी शून्यापासून सुरुवात. तेही गळलं, पण ते सोडताना वाईट वाटलं. तुम्ही बी-फार्म असाल आणि पुणे-मुंबईला जाऊ शकत असाल तर याची, क्लिनिकल ट्रायल समन्वयाची आणि मेडिकल कोडिंगची चौकशी नक्की करा. फक्त कोर्सवाल्याच्या ऑफिसात करू नका, तिथे काम करणाऱ्याकडे करा.

सतरावा कॉल मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या परचेस मॅनेजरकडे होता. त्यांच्या दाराबाहेर मी अनेक दुपारी बॅग घेऊन उभा राहिलो होतो. त्या दिवशी बॅग नव्हती, वही होती. त्यांनी माझी दोन आठवड्यांची वही मागितली आणि अर्धा तास वाचली. म्हणाले, "हे गोडाऊनचं लिहिलंयस ना, तेच आमचं काम." मग त्यांनी स्टोअर दाखवलं. दोन ते आठ अंशांचा फ्रीज आणि त्याची तापमानाची नोंद, ज्या बॅचची मुदत आधी संपणार ती आधी बाहेर काढायची पद्धत, शेड्यूल एच-१ च्या, म्हणजे कायद्याने नोंद ठेवावीच लागते अशा, औषधांची वेगळी नोंदवही. वर्षभरात कुठल्या औषधावर किती रक्कम खर्च होते त्याप्रमाणे अ, ब, क असे गट आणि त्यावर जीव वाचवणारी, गरजेची आणि असली तर बरी अशी दुसरी चाळणी. कुठला स्टॉकिस्ट किती मार्जिनवर काम करतो, कंपनीची स्कीम कुठे लपलेली असते, मार्चमध्ये कोण किती दबावाखाली असतो, हे मला आतून माहीत होतं. त्यांना तसा माणूस हवा होता हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी इतकंच म्हटलं, "शनिवारी येऊन बघू का?"

पैसे घेऊन मार्गदर्शन करणारे

१८ हजार घालवल्यावरही मी म्हणेन की चांगलं समुपदेशन मिळतं. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी १९६२ पासून काम करते आहे, तिथल्या मानसशास्त्र विभागात कल आणि क्षमतेच्या चाचण्या होतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे. अशा ठिकाणी मन आणि काम दोन्हीकडे एकत्र बघणारी माणसं भेटतात. आपल्या जिल्ह्यात कोण आहे ते मानसोपचारतज्ज्ञांनाच विचारा.

पैसे भरण्याआधी मात्र स्पष्ट विचारा. तुमचं शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, "कोच" म्हणवून घ्यायला काहीच लागत नाही. चाचणीचा लेखी अहवाल देणार का? आणि तुम्ही जो कोर्स सुचवाल त्याच्याकडून तुम्हाला काही मिळतं का? शेवटच्या प्रश्नावर जो चिडेल तिथून उठा.

सरकारी दारं

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र प्रत्येक जिल्ह्यात आहे. जुन्या लोकांना ते एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणून माहीत आहे. राज्य सरकारच्या महास्वयंम आणि केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसच्या पोर्टलवर नोंदणी करा, दोन्हीकडे पैसे लागत नाहीत. नोकरी लावण्यासाठी कुणी पैसे मागितले तर तो माणूस फसवतोय, मग तो ओळखीचा का असेना. स्वतःचा व्यवसाय डोक्यात असेल तर जिल्हा उद्योग केंद्र आणि एमसीईडीचे (महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे) प्रशिक्षणवर्ग. पदवी अर्धवट राहिली असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ. मला यातून नोकरी मिळाली नाही. पण मार्गदर्शन केंद्रातल्या एका मॅडमनी माझा बायोडाटा समोर बसवून लिहून घेतला. "१०४ टक्के टार्गेट" खोडलं आणि "तीन स्टॉकिस्टच्या साठ्याचा दरमहा ताळमेळ" असं लिहायला लावलं. परचेस विभागात तीच ओळ वाचली गेली.

राजीनाम्याआधी

सहा शनिवार मी स्टोअरमध्ये बिनपगारी बसलो. त्यातले काही शनिवार शिल्लक रजेत घेतले. नोकरीत असताना दुसरीकडून पैसे घेऊ नका, नेमणूकपत्रात बहुधा मनाई असते. चौथ्या शनिवारी रात्रभर चाललेल्या मोजणीत एका इंजेक्शनचे बारा व्हायल जुळेनात. पहाटे तीनला ते दुसऱ्या रॅकमध्ये सापडले. दमलो होतो, पाय दुखत होते. घरी येऊन मुलीला उठल्या उठल्या ती गोष्ट सांगितली.

राजीनामा लेखी द्या, नोटिशीचे दिवस मोजा, सॅम्पल, बॅग, टॅब परत केल्याची पोच घ्या. क्लोजिंगसाठी गळ्यात मारलेल्या मालाचा स्टॉकिस्टबरोबर हिशेब मिटवून निघा, पुढे त्याच गावात राहायचं असतं. अनुभवपत्र आणि फुल अँड फायनल, म्हणजे कंपनीकडून शेवटचा हिशेब, मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. "सोडल्यावर दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाही" अशी अट सही करून दिली असेल तर घाबरून घरी बसू नका. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम अशी बंदी अवैध ठरवतं. मात्र कंपनीची गोपनीय माहिती बाहेर न्यायची नाही, ते आपल्यालाही शोभत नाही.

मी त्याच हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये नोकरीला लागलो. हातात येणारी रक्कम ४१ हजारांवरून २६ हजारांवर आली. पहिला गणपती कठीण गेला, घरात नवे कपडे आले नाहीत. आज तिसरं वर्ष चालू आहे, ३४ हजार मिळतात. दर महिन्याची २९ तारीख आली की अजूनही एकदा छातीत धडधडतं, मग आठवतं की आता क्लोजिंग म्हणजे माझ्या रॅकमधला स्टॉक.

माझ्या केबिनबाहेर आता एमआर येतात. बसायला बाक टाकून घेतलाय, दुपारी १२ ते १ ही वेळ ठरवून दिली आहे आणि ती मी पाळतो. कामाबद्दल बोलायचं असेल तर गुरुवारी चारनंतर या. त्या वेळी ऑर्डरचं बोलायचं नाही, बॅग खाली गाडीला लावून या, आणि दोन आठवड्यांची वही तेवढी बरोबर आणा.